कृत्रिम माशी, गळाच्या मासेमारीतील

गळाने मासे धरताना खऱ्या आमिषाऐवजी वापरण्यात येणारी, पिसे, रेशीम, लोकर व केस यांची गळावर बांधून केलेली कीटकाची प्रतिकृती. थंड, वाहत्या पाण्यात राहणाऱ्या ट्राउट माशांच्या शिकारीसाठी हिचा विशेष उपयोग होतो. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या प्रतिकृतीस ‘कोरडी माशी’ व पाण्यात बुडून वाहणाऱ्या प्रतिकृतीस ‘ओली माशी’ म्हणतात. या दोहोंत ओली माशी प्राचीन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरात असलेल्या बहुतेक सर्व कृत्रिम माश्या या प्रकारच्याच होत्या आणि त्या काळी त्यांना ‘ओली’ असे वेगळे विशेषणही लावीत नसत. ओल्या माशीचा इतिहास हा मुख्यतः निरीक्षणाचा इतिहास आहे. मासा काय खातो, केव्हा खातो व खाद्याकडे कसे पाहतो हे काठावरून समजून घेऊन ते चार-दोन धाग्यांत व एका पिसात उतरविण्याचा हा प्रयत्न होय. त्याच इतिहासाला पिसांच्या व्यापाराची दुसरी बाजू आहे आणि या व्यापाराचे एक मूळ सह्याद्रीच्या रानात होते.

पाण्यातील कीटक व ओली माशी : ट्राउटच्या आहारात मे-माशी, कॅडिस माशी व स्टोनफ्लाय या तीन गणांतील कीटकांना महत्त्वाचे स्थान आहे. या सर्वांच्या आयुष्याचा बहुतेक काळ पाण्यात, दगडांखाली किंवा गाळात, अर्भकाच्या अथवा अळीच्या अवस्थेत जातो. पूर्ण वाढ झाल्यावर ते पृष्ठभागाकडे येतात, कात टाकतात व उडून जातात. पंख फुटलेल्या मे-माशीचे आयुष्य काही तासांचे अथवा फार तर थोड्या दिवसांचे असते. त्यामुळे माशाला मिळणाऱ्या कीटकांपैकी पाण्यावर बसलेले कीटक थोडे आणि पाण्यातून वर येणारे, कात टाकताना अडकलेले किंवा बुडून मेलेले कीटक पुष्कळ असतात. ट्राउट आपले बरेचसे खाद्य पृष्ठभागाखालीच घेतो. ओल्या माशीचे यश या साध्या वस्तुस्थितीवर आधारलेले आहे.

तरंगणारी माशी बनविताना कोंबड्याचे ताठ व चकचकीत पीस वापरतात. त्याचे तंतू पाण्याच्या पृष्ठताणावर टेकून राहतात. बुडणाऱ्या माशीस याच्या उलट कोंबडीचे किंवा रानपक्ष्याचे मऊ पीस लागते. ते पाणी शोषून घेते व प्रवाहाबरोबर त्याचे तंतू उघडतात आणि मिटतात. ही हालचाल माशाला जिवंत पायांसारखी किंवा उलगडू पाहणाऱ्या पंखांसारखी दिसते. म्हणून चांगली ओली माशी हातात घेतली असता अगदी विरळ, जवळजवळ अपुरी वाटते. तिचे रूप पाण्यातच पूर्ण होते.

प्राचीन उल्लेख : कृत्रिम माशीचे सर्वांत जुने निःसंदिग्ध वर्णन रोमन लेखक ईलियन (सु. १७५–२३५) याच्या प्राणिस्वभावविषयक ग्रीक ग्रंथात आढळते. मॅसिडोनियातील बेरीया व थेसालोनायका या शहरांच्या दरम्यान वाहणाऱ्या अस्ट्रीअस नदीत ठिपकेदार अंगाचे मासे असून ते नदीवर घोंघावणारी ‘हिप्पूरोस’ नावाची माशी खातात, असे तो सांगतो. ही माशी हाताने धरली की तिचा रंग उडतो, पंख चुरगळतात आणि मग मासे तिला तोंड लावीत नाहीत. म्हणून तेथील कोळी गळाभोवती लाल लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याच्या गलुलीखाली येणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधीत. त्यांची काठी सहा फूट लांब व दोरीही तितकीच असे. लोकरीचे अंग, कोंबड्याचे पीस व आखूड दोरी ही साधने पुढे दीड हजार वर्षे फारशी बदलली नाहीत. कृत्रिम माशीचा जन्म खेळाच्या हौसेतून झालेला नाही, खरे आमिष टिकत नाही या अडचणीतून झाला, हे या वर्णनावरून स्पष्ट होते.

जपानमधील डोंगरी प्रवाहांतही पिसे बांधलेल्या गळाने मासे धरण्याची स्वतंत्र परंपरा आहे. तेथील काही माश्यांचे पीस गळाच्या नेढ्याकडे, म्हणजे उलट दिशेने, झुकलेले असते. त्यामुळे दोरीला किंचित हिसका देताच तंतू उघडझाप करतात. युरोपातील मऊ पिसाच्या माशीमागील तत्त्व येथे निराळ्या बांधणीने साधलेले दिसते.

भारतात गळाच्या मासेमारीचे तपशीलवार विवेचन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात सापडते. राजाच्या करमणुकींचे वर्णन करणाऱ्या भागात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांची राहण्याची ठिकाणे, त्यांचा आहार आणि गळ, दोरी, काठी व आमिष यांची माहिती दिली आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केल्यामुळे त्याकडे जाणकारांचे लक्ष वेधले. माशाच्या आहाराप्रमाणे आमिष निवडावे, हा त्यातील विचार कृत्रिम माशीच्या मूळ तत्त्वाशी जुळणारा आहे. मात्र तेथील आमिषे खाण्याचीच आहेत. कीटकाची प्रतिकृती करण्याची कला दख्खनच्या या परंपरेत उदयास आली नाही.

मध्ययुग ते सतरावे शतक : बव्हेरियातील टेगर्नझे येथील मठात सु. १५०० मध्ये लिहिलेल्या हस्तलिखितात वेगवेगळ्या माशांसाठी व ऋतूंसाठी गळावर कोणती पिसे व कोणत्या रंगाचे रेशीम बांधावे, याच्या याद्या आहेत. मठांतून उपवासाच्या दिवशी मासे लागत, हे अशा नोंदी जपल्या जाण्याचे एक कारण असावे. इंग्लंडमध्ये १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील प्रबंधात बारा माश्या महिनावार दिल्या आहेत. हा प्रबंध ज्यूलिआना बर्नर्झ या जोगिणीच्या नावावर सांगितला जातो, परंतु त्यास सबळ पुरावा नाही. त्यातील मार्च महिन्याच्या पहिल्या माशीचे अंग करड्या लोकरीचे व पंख तित्तिराच्या पिसाचे आहेत. आजही यॉर्कशरच्या नद्यांवर वसंत ऋतूत तित्तिराचे पीस बांधलेली माशी वापरतात. पाच शतकांहून अधिक काळ एकाच पक्ष्याचे पीस एकाच कामासाठी वापरात राहावे, अशी उदाहरणे हस्तव्यवसायांच्या इतिहासात थोडी आहेत.

स्पेनमधील लेऑन प्रांतात या कलेने वेगळे वळण घेतले. तेथील माश्यांची वर्णने देणारे आस्तोर्गा हस्तलिखित १६२४ सालचे आहे. या प्रांतात केवळ पिसांसाठी कोंबडे पाळण्याची परंपरा आहे. त्यांच्या एकरंगी, चकचकीत पिसांच्या कोंबड्यांस ‘इंदिओ’ व ठिपकेदार पिसांच्या कोंबड्यांस ‘पार्दो’ म्हणतात. कोंबडा न मारता ठराविक काळाने त्याच्या पाठीवरील पिसे काढून घेतात व ती पुन्हा येतात. पिसांसाठी पक्षी मारण्याच्या पुढील काळातील प्रथेच्या संदर्भात ही पद्धत विशेष लक्षणीय ठरते.

आयझाक वॉल्टन याचा गळाच्या मासेमारीवरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १६५३ मध्ये निघाला. कृत्रिम माशीसंबंधी त्यातील माहिती बरीचशी पूर्वसूरींकडून घेतलेली होती. ती उणीव १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत चार्ल्स कॉटन याने जोडलेल्या दुसऱ्या भागाने भरून काढली. डर्बिशरमधील डव्ह नदीच्या काठी राहणाऱ्या कॉटनने ६५ माश्यांची बांधणी महिन्यांच्या क्रमाने सांगितली. निरनिराळ्या प्राण्यांची लव, रंगीत रेशीम आणि बदकाची पिसे यांचा त्याने सूक्ष्म विचार केला. त्या काळी दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळलेली असे व माशीजवळ ती एक-दोन केसांइतकी बारीक ठेवीत.

एकोणिसावे शतक : या शतकात ओल्या माशीला शास्त्रीय बैठक लाभली. ॲल्फ्रेड रॉनल्ड्स याने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नदीवरील कीटक व त्यांच्या प्रतिकृती यांची रंगीत चित्रे शेजारी शेजारी छापली आणि प्रत्येक कीटकाचे शास्त्रीय नाव दिले. यापूर्वी माश्यांना गावोगाव निरनिराळी नावे असत. कोणती माशी कोणत्या कीटकासाठी, हे आता निश्चितपणे सांगता येऊ लागले.

स्कॉटलंडमधील डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट याने १८५७ मध्ये आपल्या पुस्तकात माश्यांची लांबलचक यादी देण्याची प्रथा मोडली. मासे ज्या अंतरावरून व ज्या दिशेने माशी पाहतात, ते प्रतिकृतीच्या बारकाव्यांपेक्षा महत्त्वाचे आहे, असे त्याने प्रतिपादिले. मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून राहतो. म्हणून धरणाराने खालून वर सरकत जावे, म्हणजे तो माशाच्या पाठीमागे राहतो व माशीही प्रवाहाबरोबर सहज वाहत येते, असा त्याचा उपदेश होता. त्याने ‘कोळी’ या नावाच्या, पंख नसलेल्या तीन माश्या मुख्यतः वापरल्या. येथे कोळी म्हणजे जाळे विणणारा कीटक. मऊ पिसाचे विरळ तंतू सर्व बाजूंनी पसरलेले असल्यामुळे त्यांना हे नाव मिळाले. काळ्या कोळ्यासाठी तपकिरी रेशीम व स्टार्लिंग या मैनेच्या कुलातील पक्ष्याचे लहान, काळसर पीस एवढेच साहित्य पुरते.

पंखांच्या माश्यांपैकी ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’ हिची उत्पत्ती निश्चित ज्ञात आहे. दरॅम येथील धर्मोपदेशक व पुरातत्त्ववेत्ते विल्यम ग्रीनवेल यांनी १८५४ च्या मे महिन्यात ट्वीड नदीवर मासे खात असलेल्या कीटकाचा नमुना नेऊन स्प्राउस्टन येथील जेम्स राइट या माशी बांधणाऱ्या कारागिराकडून तिची प्रतिकृती करून घेतली. तिचे पंख कस्तूर जातीच्या मादीच्या पिसाचे व अंग पिवळ्या रेशमाचे असते. हे रेशीम मोची वापरतात त्या काळसर मेणातून ओढून घेतात. मेणामुळे पिवळा रंग हिरवट होतो व तो खऱ्या कीटकाच्या रंगाशी जुळतो. धागा घट्ट बसावा म्हणून लावलेले मेण येथे रंगाचेही काम करते.

यॉर्कशरमधील माश्यांचे संकलन टी. ई. प्रिट याने १८८५ मध्ये केले. पुढील वर्षी ते उत्तरेकडील माश्यांचा संग्रह म्हणून नव्या नावाने निघाले. ‘तित्तिर व नारिंगी’, ‘पाणलावा व जांभळी’ यांसारखी माश्यांची नावे म्हणजे त्यांची कृतीच होय : पहिला शब्द पिसाचा व दुसरा रेशमाचा. शेतकरी, गिरणीकामगार व लहान दुकानदार यांच्यात तोंडी चालत आलेले हे ज्ञान होते. त्याला लागणारे साहित्य शेतावर किंवा स्वयंपाकघरात येणाऱ्या शिकारीतून मिळे.

बांधणीची पद्धत : ‘तित्तिर व नारिंगी’ या माशीच्या बांधणीवरून ओल्या माशीच्या कृतीची सर्वसाधारण कल्पना येते. गळ १४ क्रमांकाचा घेतात. गळांच्या क्रमांकात आकडा जितका मोठा तितका गळ लहान असतो. गळ छोट्या शेगड्यात बाकाजवळ पकडून त्याचा दांडा आडवा ठेवतात. जुने कारागीर शेगडा न वापरता गळ डाव्या हाताच्या बोटांत धरूनच काम करीत. नारिंगी रेशमाचा धागा मेणातून ओढून घेतात व नेढ्यामागून सुरुवात करून एकाला एक लागून वेढे देत बाकाच्या दिशेने नेतात. वेढे गळाच्या टोकासमोर आले की तेथे थांबून धागा पुन्हा नेढ्याकडे आणतात. अंग याहून लांब केल्यास माशी जड व बेढब होते.

यानंतर तित्तिराच्या पाठीवरील तपकिरी, बारीक नक्षीचे पीस घेतात. त्याच्या बुडाची मऊ लव काढून टाकतात, टोकाकडचे तंतू वेगळे करतात आणि पीस नेढ्याजवळ बांधतात. दांड्याभोवती त्याचे दीड किंवा फार तर दोन वेढे देतात. तंतूंची लांबी गळाच्या लांबीएवढी किंवा किंचित अधिक असावी. शेवटी पिसाचे टोक बांधून कापतात, धाग्याचे टोक त्याच्याच वेढ्यांखाली ओढून गाठ झाकतात व त्यावर रोगणाचा थेंब लावतात. कुशल कारागिराला या साऱ्या कामास दोन-तीन मिनिटे पुरतात. नवशिक्याची चूक बहुधा एकच असते : तो पिसाचे वेढे जास्त देतो. दाट माशी हातात भरदार दिसते, पण पाण्यात तिचे तंतू एकमेकांना चिकटून तिची हालचाल नाहीशी होते.

काही माश्यांत रेशमावर प्राण्याची लव चोळून बसवितात. सशाच्या कानाची व चेहऱ्याची लव यासाठी प्रसिद्ध आहे. लव इतकी विरळ असावी लागते की, भिजल्यावर खालच्या रेशमाचा रंग तिच्यातून दिसला पाहिजे. यामुळे अंगाला जिवंत कीटकाच्या अंगाची पारदर्शकता येते. अंगावर सोनेरी किंवा रुपेरी तारेचे वेढे दिल्यास कीटकाच्या शरीरखंडांचा भास होतो व नाजूक साहित्यास बळकटीही येते.

पूर्वी गळाला नेढे नसे. दांड्यालाच तंतूचा तुकडा बांधून त्यावर माशी बांधीत. हा तंतू रेशीमकिड्याचा असे. कोश विणण्याच्या बेतात असलेली अळी व्हिनेगरमध्ये भिजवून तिच्या रेशीमग्रंथी ताणल्या की चिवट, पारदर्शक तंतू मिळतो. हा धंदा मुख्यतः स्पेनमधील मुर्सीया येथे चाले. तंतू वाळला की ठिसूळ होई व तो तुटला की चांगली माशीही निकामी ठरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत नेढ्याचे गळ प्रचारात आल्यामुळे माशी व तंतू वेगळे झाले. पुढे १९३८ मध्ये जाहीर झालेल्या नायलॉनने दुसऱ्या महायुद्धानंतर रेशीमतंतूची जागा घेतली.

ओली व कोरडी माशी यांचा वाद : दक्षिण इंग्लंडमधील चुनखडीच्या प्रदेशातील संथ, नितळ नद्यांवर मासा पृष्ठभागावर कीटक टिपताना स्पष्ट दिसतो. तेथे एफ. एम. हॅलफर्ड याने १८८६ मधील आपल्या ग्रंथाने तरंगत्या माशीचे शास्त्र सिद्ध केले. त्याच्या अनुयायांनी त्याला धर्माचे स्वरूप दिले आणि बुडती माशी वापरणे काही नद्यांवर कमीपणाचे, क्वचित निषिद्धही ठरले. व्यवसायाने वकील असलेल्या जी. ई. एम. स्क्यूज याने या मताला आव्हान दिले. मेलेल्या माशाच्या पोटातील कीटक पाण्यात पसरून तपासल्यावर त्यांत अर्भकांचेच प्रमाण मोठे असल्याचे त्यास आढळले. १९१० व १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत त्याने अर्भकांच्या प्रतिकृती वापरण्याचा पुरस्कार केला. लंडनच्या माशी-शिकाऱ्यांच्या क्लबात १९३८ मध्ये या प्रश्नावर जाहीर चर्चा घडली. वरकरणी हा खेळाच्या नियमांचा वाद असला, तरी त्याचे मूळ पुरावा कशास म्हणावे या प्रश्नात होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील जेम्स लायझनरिंग याने १९४१ मध्ये ओल्या माशीच्या बांधणीवर लिहिले व १९७५ मध्ये सिल्व्हेस्टर नेम्स याच्या पुस्तकाने मऊ पिसाच्या माशीकडे पुन्हा लक्ष वेधले.

पिसांचा व्यापार व सह्याद्री : साध्या ओल्या माशीस परिसरातील पिसे पुरत. एकोणिसाव्या शतकात मात्र सरोवरांतील ट्राउटसाठी, आणि त्याहून अधिक सॅमन माशासाठी, भडक रंगांच्या शोभिवंत माश्यांची आवड वाढली. ब्रिटिश साम्राज्याच्या बंदरांतून जगभरच्या पक्ष्यांची कातडी लंडनला येत होती. स्त्रियांच्या टोप्यांसाठी चालणाऱ्या या व्यापारातूनच माशी बांधणाऱ्यांनाही माल मिळू लागला. जॉर्ज केल्सन याने १८९५ मध्ये सॅमनच्या माश्यांवर लिहिलेल्या ग्रंथातील अनेक माश्यांना उष्ण कटिबंधातील पक्ष्यांची पिसे लागतात. त्यांपैकी ‘भारतीय कावळा’ या नावाने विकले जाणारे पीस दक्षिण अमेरिकेतील पक्ष्याचे होते. व्यापारी नावांवरून मूळ देश कळत नसे, याचा हा नमुना होय.

खरोखर भारतातून जाणारे व सर्वांत अधिक मागणी असलेले पीस करड्या रानकोंबड्याचे होते. हा पक्षी भारतीय द्वीपकल्पातच आढळतो. सह्याद्रीच्या दाट झाडीत त्याचे आरवणे आजही ऐकू येते. नराच्या मानेवरील काळसर पिसांच्या टोकाशी दांडी पसरट होऊन तिचा मेणचट, मुलामा दिल्यासारखा पांढरट-पिवळा ठिपका तयार होतो. असा ठिपका दुसऱ्या पक्ष्यांच्या पिसांत क्वचितच दिसतो. माशीच्या दोन्ही बाजूंस ही पिसे बांधली असता ती डोळ्यांसारखी दिसतात. ‘डन्केल्ड’ यांसारख्या ओल्या माश्यांत व सॅमनच्या बहुसंख्य माश्यांत ती वापरली जात. लेऑनच्या कोंबड्याप्रमाणे या पक्ष्याची पिसे जिवंतपणी काढीत नसत. पिसांसह मानेचे संपूर्ण कातडे विकले जाई. म्हणजे प्रत्येक कातड्यामागे एक नर मारला जाई. मोराच्या पिसांचे हिरवे तंतूही माश्यांची अंगे करण्यास वापरीत. परंतु मोराची पिसे दरवर्षी आपोआप गळतात व ती गोळा करता येतात.

भारत सरकारने १९०२ मध्ये वन्य पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली. ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीस मनाई करणारा कायदा १९२१ मध्ये झाला. तरीही रानकोंबड्याची कातडी विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही परदेशी दुकानांत मिळत होती. भारताचा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला व परदेशांतही नियम कडक झाले. त्यानंतर ब्रिटनमध्ये पाळीव अवस्थेत वाढविलेल्या करड्या रानकोंबड्यांची पिसे व कृत्रिम पर्याय यांवर ही गरज भागविली जाऊ लागली. मोर हा १९६३ पासून भारताचा राष्ट्रीय पक्षी असून मोरपिसांच्या निर्यातीसही बंदी आहे.

जुन्या शोभिवंत माश्या हुबेहूब मूळ पिसांनी बांधण्याचा हव्यास मात्र पूर्णपणे संपला नाही. जून २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंग येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून २९९ पक्षिचर्मे चोरीस गेली. त्यांत ॲल्फ्रेड रसेल वॉलिस या निसर्गवैज्ञानिकाने गोळा केलेले नमुनेही होते. माश्या बांधणाऱ्यांना विकण्यासाठी ही चोरी झाल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. कित्येक नमुने परत मिळाले, पण त्यांवरील स्थळकाळाच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या. अशा नमुन्यांचे वैज्ञानिक मूल्य बव्हंशी नष्ट झाले. यांतील बहुतेक माश्या पाण्यात टाकण्यासाठी नव्हे, तर चौकटीत लावण्यासाठी बांधल्या जातात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. माशाला फसविण्यास तित्तिराचे एक पीस पुरते. दुर्मिळ पिसांची गरज माशाला कधीच नव्हती.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती : ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नाही. स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास तपकिरी ट्राउटची पैदास झाली व तेथून हिमालयातील इतर थंड प्रवाहांत हे मासे सोडण्यात आले. निलगिरीत १८६० नंतर अनेक प्रयत्न फसल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंद्रधनुषी ट्राउट स्थिरावले. इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर ओली माशी याच पाण्यांवर आली. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ मध्ये भारतातील गळाच्या मासेमारीवर लिहिलेल्या ग्रंथात महसीर माशाला कृत्रिम माशी व धातूचा चमचा दाखवून धरण्याची वर्णने आहेत. परक्या माशासाठी घडलेले साधन येथे देशी माशाला लावून पाहण्यात आले.

महाराष्ट्रातील नद्यांचे पाणी उन्हाळ्यात तापते व ओढे आटतात, त्यामुळे येथे ट्राउट जगणे शक्य नाही. येथील मोठा नदीमासा म्हणजे खडशी अथवा दख्खनी महसीर होय. कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स याने दख्खनच्या माशांवरील आपल्या लेखनात १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या या माशाची नोंद केली व स्थानिक नावावरून त्यास ‘खुदरी’ हे जातिनाम दिले. धरणे व दूषित पाणी यांमुळे अनेक नद्यांतून हा मासा कमी झाला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास करून बोटुकली जलाशयांत सोडण्याचे काम चालविले. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड येथे मात्र देवीच्या नावाने सोडलेले महसीर कोणी धरीत नाही व भाविक त्यांना खाऊ घालतात. तेथे आमिष आहे, पण गळ नाही.

कोकण किनाऱ्यावर मासेमारीची साधने वेगळ्या तत्त्वावर घडली. वसई–अर्नाळा पट्ट्यात समुद्राच्या भरती-ओहोटीचा वेग मोठा आहे. तेथील कोळी लांब शंकूसारखे डोल जाळे प्रवाहाच्या तोंडी बांधून ठेवतात. बोंबील, जवळा, मांदेली इ. मासळी प्रवाहाबरोबरच जाळ्यात येते. तिला भुलविण्याची गरज नसते. पूर्वी ही जाळी सुताची व तागाची असत आणि ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत. नायलॉन व तत्सम धाग्यांनी ही पद्धत मागे पाडली. मेण लावलेले रेशीम व सालीत बुडविलेले सूत ही दोन्ही साधने एकाच नव्या धाग्याने थोड्या वर्षांच्या अंतराने बाद केली. फरक एवढाच की, कृत्रिम माशीत एका माशाच्या सवयीचा अभ्यास असतो, तर डोल जाळ्यात संपूर्ण समुद्राच्या प्रवाहाचा.

व्यवसाय व सद्यःस्थिती : माशी बांधण्याच्या धंद्यात स्त्रियांचा वाटा प्रथमपासून मोठा आहे. गळांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील रेडिच येथे व अमेरिकेतील कारखान्यांत हे काम प्रामुख्याने स्त्रियाच करीत. व्हर्मोंट राज्यातील मेरी ऑर्विस मार्बरी हिने अशा कारखान्याची व्यवस्था पाहिली व १८९२ मध्ये माश्यांच्या इतिहासावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामुळे अमेरिकेतील माश्यांची नावे व नमुने प्रमाणभूत झाले. स्कॉटलंडमधील मेगन बॉइड (१९१५–२००१) हिच्या माश्या जगभर मागविल्या जात. हल्ली दुकानांतून मिळणाऱ्या माश्यांचा मोठा भाग केन्या, थायलंड इ. देशांत तयार होतो. हौशी शिकारी मात्र अजूनही आपल्या माश्या आपणच बांधतात. धरलेला मासा इजा न करता सोडून देण्याची प्रथा वाढल्यामुळे काटा नसलेल्या गळावर माशी बांधण्याकडे कल वाढला आहे. नद्यांतील कीटक स्वच्छ व थंड पाण्यावर अवलंबून असल्याने ते नाहीसे झाले की त्यांची प्रतिकृतीही निरर्थक ठरते. ज्या ओढ्यात मे-माशी उरली नाही, तेथे तित्तिराचे पीस कितीही कौशल्याने बांधले तरी मासा वर येत नाही.